मोल, ऋण आणि दान

मराठींत 'मोल' ह्या शब्दाची व्याप्ति मोठी आहे. बाजारांत वस्तु ज्या पैशांस मिळते तें तिचें मोल. कष्टकऱ्याला कामाबद्दल मिळते ती मोलमजुरी. आणि ज्याची किंमत करितांच येत नाहीं तें अनमोल. पहिल्या दोन अर्थांचा हिशेब पैशांत होतो, तिसऱ्याचा होत नाहीं. परंतु पहिल्या दोहोंमध्येंही एक गुंता आहे. मालाचें मोल उतरलें म्हणजे त्यांत जिरलेल्या श्रमाचेंही मोल उतरतें. आणि ग्राहकाला जी स्वस्ताई वाटते ती पुष्कळदां दुसऱ्या कोणाची तरी बुडालेली मजुरी असते. मग असा प्रश्न उपस्थित होतो कीं, बाजारांत ठरलेला भाव चुकता करणारा ग्राहक पिकविणाऱ्याच्या ऋणांतून मुक्त झाला असें म्हणावें काय? आणि तो मुक्त झाला नसेल, तर भावाहून जास्त असें जें कांहीं तो देईल त्यास दान म्हणावें कीं ऋणाची फेड म्हणावी?

हा प्रश्न आम्ही येथें कॉफीच्या निमित्तानें घेत आहों. कॉफी घेण्याचें कारण असें कीं, ती पिकविणारे व पिणारे ह्यांच्यामध्यें महासागर पसरलेले आहेत, दोघांची गांठ कधीं पडत नाहीं, आणि तरीही त्यांच्यामध्यें न्यायाचें नातें जोडण्याचा एक पद्धतशीर प्रयत्न जवळजवळ चाळीस वर्षें चालू आहे. केवळ तर्कानें सोडवावयाच्या प्रश्नापेक्षां ज्याची परीक्षा अनुभवानें झाली आहे असा प्रश्न विचाराला अधिक उपयोगी पडतो.

प्रथम पिकविणाऱ्याची स्थिति पाहूं. दक्षिण अमेरिकेंतील पेरू देशांत अँडीज पर्वताच्या पूर्व उतारावर दोन लाखांहून अधिक कुटुंबें कॉफी पिकवितात. त्यांतील बहुतेकांची जमीन दोन-तीन हेक्टरांपलीकडे जात नाहीं. फळें एकदम पिकत नाहींत, म्हणून एकाच झाडाकडे तोडणीसाठीं पुनःपुन्हां जावें लागतें. पांच-सहा शेर लाल फळें तोडावीं, त्यांचा गर काढावा, बीं आंबवून धुवावें, उन्हांत वाळवावें, तेव्हां कोठें शेरभर हिरवें बीं हातीं येतें. एका झाडापासून वर्षाकाठीं भाजलेली कॉफी मिळते ती साधारण एक रत्तल. इतक्या खटपटीनंतर तिचा भाव मात्र न्यूयॉर्कच्या वायदेबाजारांत ठरतो. ब्राझिलमध्यें हिमकडाका पडला कीं तो चढतो, तेथें भरघोस पीक आलें कीं उतरतो. आणि पेरूच्या डोंगरावरील कुणब्याला ह्या चढउतारांत हात घालण्यास कोठेंही जागा नसते.

ही जमीन तरी त्याची केव्हां झाली? माचू पिच्चूच्या खालच्या बाजूस ला कोन्व्हेन्सिओन नांवाचें खोरें आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथें मोठमोठ्या जमीनदाऱ्या होत्या. जंगल तोडून कॉफी लावणाऱ्या कुळाला जमिनीच्या तुकड्याबद्दल मालकाच्या शेतावर ठराविक दिवस वेठ करावी लागे. १९६० च्या सुमारास ह्या कुळांनीं संघ काढले, वेठीवर बहिष्कार घातला, आणि सरकारला ती वेठ रद्द करून खोऱ्यापुरता जमीनसुधारणेचा निर्णय घ्यावा लागला. १९६९ सालीं तशी सुधारणा साऱ्या देशाला लागू झाली. कॉफी-उत्पादकांच्या सहकारी संस्था ह्याच काळांत वाढीस लागल्या. ह्या इतिहासांत एक बारकी गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. कुळें आपल्या वांट्याची वेठ पुष्कळदां स्वतः करीत नसत. आपल्या तुकड्यांतील कोपरा ज्यांना दिला त्या पोटकुळांकडून ती करून घेत. जो स्वतः पिळला जात होता त्याच्याही खालीं पिळला जाणारा कोणी होता. पुढें ह्या गोष्टीकडे आपणांस परत यावें लागेल.

जमीन मिळाली, पण भाव हातीं आला नाहीं. १९६२ च्या आंतरराष्ट्रीय कॉफी-करारानें उत्पादक व ग्राहक राष्ट्रांनीं निर्यातीचे वांटे ठरवून भाव कांहींसा सांवरून धरला होता. १९८९ च्या जुलैंत ती वांट्यांची पद्धत कोसळली आणि भाव थोड्याच काळांत जवळजवळ निम्म्यावर आला. २००१ सालीं तर तो रत्तली ५० सेंटांच्याही खालीं गेला. उत्पादनाचा खर्चही त्यांत निघेना. लोकांनीं बागा सोडल्या, कित्येकांनीं गांव सोडलें, आणि अँडीजच्या उतारांवर कांहींनीं कॉफी उपटून कोकाचीं झुडपें लावलीं. त्याच दिवसांत श्रीमंत देशांतील उपाहारगृहांत कॉफीच्या पेल्याची किंमत उतरली नव्हती, हेंही ध्यानांत घेतलें पाहिजे.

न्याय्य व्यापाराची कल्पना ह्या संकटाच्या उंबरठ्यावर जन्मली. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतांतील मूळरहिवासी शेतकऱ्यांची एक सहकारी संस्था आणि तिच्याबरोबर काम करणारे डच धर्मोपदेशक फ्रान्स व्हान डेर होफ ह्यांच्या पुढाकारानें १९८८ सालीं नेदर्लंड्समध्यें 'माक्स हावेलार' हा शिक्का निघाला. जावा बेटांतील डच कारभारावर कोरडे ओढणाऱ्या १८६० च्या एका कादंबरीच्या नायकाचें नांव त्यास दिलें होतें. १९९७ सालीं निरनिराळ्या देशांतील असे शिक्के एका आंतरराष्ट्रीय संघटनेखालीं आले. योजना सोपी आहे. बाजार कितीही पडला तरी सहकारी संस्थेला किमान एक भाव मिळालाच पाहिजे. बाजार त्याहून चढा असेल तर चढा भाव द्यावा. धुतलेल्या अरेबिका कॉफीचा हा किमान भाव २०११ पासून रत्तली १ डॉलर ४० सेंट होता, तो ऑगस्ट २०२३ पासून १ डॉलर ८० सेंट झाला; माल सेंद्रिय असेल तर आणखी ४० सेंट. शिवाय रत्तलामागें २० सेंटांचें अधिमूल्य वेगळें, आणि त्याचा विनियोग सभासदांनीं सभेंत मतानें ठरवावयाचा. हा भाव बंदरांत चढविलेल्या मालाचा व संस्थेस मिळणारा असतो. संस्थेचा खर्च व कर्जाचे हप्ते वजा जातां उरेल तो शेतकऱ्याचा.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बाजाराचा पक्ष घेणारे म्हणतील, "दोघांनीं राजीखुषीनें सौदा केला, तेथें अन्याय कोठून आला?" हा युक्तिवाद वजनदार आहे, परंतु तो 'राजीखुषी' ह्या एका शब्दावर उभा आहे. ज्याच्या घरांत पुढच्या आठवड्याचें धान्य नाहीं आणि ज्याच्यापर्यंत दलाल एकच पोंचतो, त्याची संमति ही संमति खरी, पण ती मोकळेपणाची नव्हे. हें ओळखण्यास अर्वाचीन शहाणपण लागलें असें नाहीं. कौटिल्यानें स्वदेशी मालावर शेंकडा ५ आणि परदेशी मालावर शेंकडा १० हून अधिक नफा घेऊं नये अशी मर्यादा घातली आहे. युरोपांत टॉमस अक्विनासनें न्याय्य किंमतीची मीमांसा केली. आणि महाभारतांतील शांतिपर्वांत जाजलि ह्या तपस्व्याला धर्म शिकविणारा तुलाधार हा वाराणसींतील वाणी आहे. त्याचा तराजू सर्व भूतांस सारखा आहे, हेंच त्याचें तप. ह्या तिघांच्या भूमिका भिन्न आहेत. पण व्यापार हा धर्माधर्माच्या कक्षेबाहेरचा प्रांत आहे असें तिघांपैकीं कोणीच मानीत नाहीं.

तेव्हां जास्तीचे चार पैसे हें दान नव्हे, असें आमचें मत आहे. दानांत देणारा वर असतो व घेणारा खालीं. देणाऱ्याची इच्छा संपली कीं दान संपतें. येथें तर घेणाऱ्यानें आधींच श्रम दिलेले आहेत. ज्या भावांत त्याचा उत्पादनखर्चही निघत नाहीं, त्या भावानें माल घेणारा त्याच्या कुटुंबाचा व जमिनीचा कस फुकट घेत असतो. त्याची भरपाई म्हणजे औदार्य नव्हे, थकबाकी.

सेंद्रिय मालाच्या बाबतींत हें विशेष स्पष्ट होतें. रासायनिक खत व औषधें सोडल्यावर माल सेंद्रिय म्हणून विकतां येण्यास सामान्यतः तीन वर्षें जावीं लागतात. ह्या तीन वर्षांत उत्पन्न घटतें, भाव मात्र वाढत नाहीं. तण कोयत्यानें काढावें लागतें, खत कुजवावें लागतें, किंवा पेरूच्या किनाऱ्याजवळील बेटांवरची पक्ष्यांची विष्ठा डोंगरावर वाहून न्यावी लागते. तांबेऱ्यानें बाग धरली, जशी २०१३ च्या सुमारास पेरूंत धरली, तर हातीं उपाय थोडे. माती, पाणी व पक्षी ह्यांचें रक्षण होतें तें साऱ्या जगाचें हित. पण त्यासाठीं लागणारी जोखीम एका अल्पभूधारकाच्या शिरावर. ज्याला शुद्ध वस्तु हवी आहे त्यानें शुद्धतेचा खर्च दुसऱ्यावर टाकणें, ह्याला सोंवळेपणा म्हणतां येईल, न्याय म्हणतां येणार नाहीं.

तथापि ह्या व्यवस्थेवरील आक्षेप टाळून चालणार नाहीं. पहिला आक्षेप अर्थशास्त्राचा. चढा भाव मिळतो असें दिसलें कीं अधिकाधिक संस्था शिक्का घेतात; शिक्का घेतलेला माल मागणीहून जास्त होतो; त्याचा बराच भाग शेवटीं साध्या कॉफीच्या भावानेंच विकावा लागतो, आणि तपासणीचा खर्च मात्र साऱ्यांनाच पडतो. ग्वातेमालांतील संस्थांच्या हिशेबांवरून कांहीं संशोधकांनीं असें दाखविलें आहे कीं, दीर्घकाळांत हा लाभ बराचसा विरून जातो. आक्षेप खरा आहे. पण त्यावरून ऋण नाहीं असें सिद्ध होत नाहीं. फेडणारे थोडे आहेत इतकेंच सिद्ध होतें.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे, आणि येथें ला कोन्व्हेन्सिओनच्या पोटकुळांची आठवण होते. तोडणीच्या हंगामांत लहान शेतकरीही मजूर लावतो. शिक्क्यानें वाढलेला भाव त्या मजुरापर्यंत पोंचतो काय? कोस्टारिकांतील अभ्यासांत असें आढळलें कीं, लाभ मुख्यतः बागमालकांस झाला, अकुशल मजुरांस फारसा नाहीं. इथिओपिया व युगांडा येथील २०१४ च्या एका पाहणींत तर न्याय्य व्यापाराच्या संस्था असलेल्या भागांत मजुरी तुलनेनें कमीच दिसली. त्या तुलनेच्या पद्धतीवर पुरस्कर्त्यांनीं आक्षेप घेतले आहेत, तरी प्रश्न उरतोच. महाराष्ट्रीय वाचकाला हा प्रश्न परका वाटण्याचें कारण नाहीं. १९५० सालीं प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नानें सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि ऊस पिकविणारा कुणबी कारखान्याचा धनी झाला. ही लहानसहान गोष्ट नव्हती. परंतु बीडकडून कोयता घेऊन येणारें ऊसतोड कुटुंब त्या सहकाराचें सभासद झालें नाहीं. मुकादमाची उचल व उघड्यावरची खोपट हेंच त्याच्या वांट्यास राहिलें. न्यायाची वाट सभासदांच्या यादीपाशीं येऊन थांबते, हा अनुभव उसाच्या फडांतला आणि कॉफीच्या बागेंतला सारखाच आहे.

तिसरी गोष्ट पिकविणाऱ्याच्या कर्तव्याची. २०२१ सालीं भाव एकाएकीं चढले तेव्हां कोलंबियांतील अनेक शेतकऱ्यांनीं आधीं ठरलेल्या भावानें माल देण्याचें नाकारलें, आणि त्यांच्याच सहकारी संस्था अडचणींत आल्या. फेब्रुवारी २०२५ मध्यें तर वायदेबाजारांतील भाव रत्तली ४ डॉलरांच्या वर गेला होता. अशा वेळीं किमान भावाचें वचन ग्राहकाला कांहींच पडत नाहीं, आणि सभासदाला बाहेरचा व्यापारी खुणावूं लागतो. पडत्या काळीं ज्यानें आधार दिला त्याच्याशीं चढत्या काळींही इमान राखणें, हें न्याय्य व्यापाराचें दुसरें अंग होय. गरीबाला कर्तव्य नाहीं असें म्हणणें म्हणजे पुन्हां त्याला दानाचा धनी करणें. मात्र दोघांच्या दोषाचें वजन सारखें नव्हे. एकाचा वचनभंग वर्षानुवर्षांच्या कर्जापोटीं होतो, दुसऱ्याची बेपर्वाई केवळ सवयीनें.

राहतां राहिला ग्राहक. अमेरिकेंतील २६ दुकानांत एक प्रयोग झाला. त्यांत शिक्का लावल्यावर कॉफीचा खप सुमारें शेंकडा १० नें वाढला. परंतु शेंकडा ८-९ भाव वाढवितांच महाग कॉफीचा खप टिकला आणि स्वस्त कॉफीचा जवळजवळ शेंकडा ३० नें घटला. म्हणजे न्याय हवा असणारे पुष्कळ आहेत, त्याचा भार सोसूं शकणारे किंवा इच्छिणारे त्याहून थोडे. ह्यांत उपहास करण्यासारखें कांहीं नाहीं. स्वस्त कॉफी घेणाऱ्याचीही मिळकत बेताची असते, आणि एका गरीबाचें ऋण दुसऱ्या गरीबावर लादून न्याय होत नाहीं. म्हणून केवळ ग्राहकाच्या सद्बुद्धीवर ही इमारत उभी राहणार नाहीं. भावाचा सिंहाचा वांटा जे मधल्यामध्यें ठेवून घेतात त्यांच्या हिशेबालाही हात घातला पाहिजे, आणि १९८९ सालीं राष्ट्रांनीं जी जबाबदारी अंगावेगळी केली तिचा विचार राष्ट्रांनींच पुन्हां केला पाहिजे.

तोंवर शिक्क्याचा माल घ्यावा काय? ज्याला झेपेल त्यानें अवश्य घ्यावा, पण पुण्य पदरीं पडलें अशा भावनेनें घेऊं नये. सावकाराकडे व्याजाचा हप्ता भरून परतणारा मनुष्य आपण दानशूर झालों असें मानीत नाहीं. मुद्दल किती उरलें ह्याचा विचार करीत तो घरीं जातो. आणि तो हिशेब आपण एकदां करूं लागलों म्हणजे तो अँडीजच्या डोंगरापाशीं थांबणार नाहीं. रोजच्या चहांत विरघळणारी साखर कोणाच्या कोयत्यानें तुटली, हेंही त्याच वहींत लिहावें लागेल.