तक्रार निरंक

मुक्या जिवाचे दुःख ओळखण्याची जबाबदारी कोणाची? प्रश्न साधा वाटतो. परंतु घरात ससा पाळलेला असेल तर तो फार काळ साधा राहत नाही. कुत्रा कण्हतो, मांजर ओरडून घर डोक्यावर घेते. ससा मात्र गप्प बसतो. ज्याची शिकार होते त्याने दुबळेपणा दाखविणे म्हणजे शिकाऱ्याला बोलावणे. म्हणून दुखणे लपविणे हेच त्याच्या जातीचे संरक्षण ठरले. रानात जे त्याला तारते, तेच दिवाणखान्यात त्याच्या जिवावर बेतते.

आमचे आयुष्य शासकीय सेवेत गेले. तेथे 'निरंक' हा फार सोयीचा शब्द होता. तक्रारी किती? निरंक. ज्या वस्तीतून कधी अर्ज येत नाही ती सुखी असते, की तिला अर्ज लिहून देणारा भेटलेला नसतो, हा प्रश्न त्या रकान्यात मावत नसे. 'आमचा ससा फार शांत आहे हो' हे वाक्य आम्ही येथे इंदुरात अनेक घरांतून कौतुकाने ऐकले आहे, आणि दर वेळी तो रकाना आठवला आहे.

आमच्या शेजारी असाच एक पांढरा ससा आहे. मुलीच्या वाढदिवसाला आणलेला. गेल्या वर्षी तो कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसू लागला. कोणी म्हणाले रुसला, कोणी म्हणाले मूळचाच भित्रा. 'रुसला' हा शब्द वरवर प्रेमळ, पण आमच्या मते अन्यायाचा आहे. रुसलेल्याची समजूत काढायची असते. दुखणाऱ्याचे दुखणे शोधायचे असते. पशुवैद्यांनी तोंड उघडून पाहिले तेव्हा दाढांची टोके जिभेला टोचत असल्याचे आढळले. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजायला मुबलक वाळके गवत लागते. येथे लाडाने गाजरे व बिस्किटे चारली जात होती. वेळीच नेले हे बरे झाले, कारण ससा दहा-बारा तास काही न खाता राहिला आणि लेंड्या थांबल्या, तर आतड्यांचे काम मंदावून जिवाला धोका असतो. अशा वेळी उद्या पाहू म्हणणे परवडत नाही.

इंग्लंडमधील न्यूकॅसलच्या संशोधकांनी २०१२ साली सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. डोळे किती आवळले, गाल किती चपटले, नाकपुड्यांचा आकार, मिशांची व कानांची ठेवण, अशी पाच लक्षणे त्यात आहेत. ही लक्षणे नोंदली गेली ती सशांच्या कानांवर ओळखखूण गोंदविली जात असताना! असो. सांगायचे इतकेच की हा चेहरा अगदीच कोरा नाही. त्याकडे पाहत बसण्याची सवड मात्र हवी.

दाढा घासून झाल्या, खाणे सुधारले. तरी ससा कोपरा सोडीना. खरा नैतिक पेच आम्हांला येथून पुढे दिसतो. आपल्या भाषेत 'ससा' हा एकच शब्द आहे. आपल्या माळरानावरचा ससा बिळे खणत नाही आणि बहुधा एकटा हिंडतो. घरात पाळतात तो मूळचा युरोपच्या नैर्ऋत्य भागातला, बिळांच्या वसाहतीत कळपाने राहणारा. 'सशाला एकटेच आवडते' असे जे ठामपणे सांगतात, ते एकाची कुंडली दुसऱ्याच्या नावावर मांडतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम कलम ३ मध्ये पाळणाऱ्यावर केवळ मारू नये एवढेच बंधन घालीत नाही. प्राण्याचे कल्याण राखण्यासाठी वाजवी ते सर्व करणे हे त्याचे कर्तव्य ठरवितो. मग सजातीयाची सोबत त्या 'सर्व' मध्ये येते की नाही?

येते, असे आमचे मत आहे. मात्र ते अमलात आणणे सोपे नाही. दोन अनोळखी ससे एकदम एकत्र सोडले तर एकमेकांना रक्तबंबाळ करतात. आधी नसबंदी, मग परक्या जागी थोड्या थोड्या वेळाची ओळख, असे आठवडे जातात. शिवाय एकाच्या उदासीवर औषध म्हणून दुसरा जीव विकत आणणे हेही आम्हांला खटकते. कोणाला नकोसा झालेला ससा मिळाला तर गोष्ट वेगळी.

शेजाऱ्यांचा निर्णय अजून झालेला नाही. तोपर्यंत गुळगुळीत फरशीवर सतरंजी आली आहे, आत दडता येईल असे दोन तोंडांचे खोके आले आहे, आणि उन्हाळ्यात पाणी गोठविलेली बाटली जवळ ठेवली जाते. उचलून घेणे बंद झाले. वरून झडप घालणारा हात त्याला घारीसारखाच. मुलगी संध्याकाळी त्याला हाक न मारता जमिनीवर बसून अभ्यास करते. परवा तो खोक्यातून निघाला, तिच्या पायाचा अंगठा हुंगला, गणिताच्या वहीचा कोपरा कुरतडला आणि परत आत जाऊन बसला.