एका कामाची भाषा

काही भाषा एकाच कामासाठी जन्माला येतात. रेल्वेतल्या हिरव्या-तांबड्या झेंड्यांची भाषा तशी. तिच्यात प्रेमपत्र लिहिता येत नाही, आणि तशी तक्रार कोणा गार्डाने केल्याचे ऐकिवात नाही. संगणकाच्या जगात मात्र ही तक्रार सदैव चालू असते: एका कामासाठी घडवलेल्या भाषेला सगळीच कामे का शिकवू नयेत? वरवर पाहता प्रश्न तज्ज्ञांचा. मला तो आमच्या तुळजापूर तालुक्यातल्या एका बचत गटाचाही वाटतो.

हिशेबाच्या तक्त्यांतली सूत्रे ही अशीच एक भाषा. १९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे 'व्हिझिकॅल्क' बाजारात आले, तेव्हा खातेवहीच जणू पडद्यावर उमटली. चौकोनांत आकडे लिहावेत, शेजारी त्यांची बेरीज मागावी. ज्याला वहीतली बेरीज कळते त्याला हे सूत्र कळते. पुढे एक्सेल आले, सूत्रे शेकड्यांनी वाढली. पण स्वतःची नवी क्रिया सूत्रांच्याच भाषेत घडवण्याची मुभा नव्हती. त्यासाठी प्रोग्रॅमिंगची दुसरी, भरभक्कम भाषा शेजारी ठेवलेली असे. डिसेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टने 'लॅम्डा' जाहीर केले आणि तीही मुभा मिळाली. आता सूत्र स्वतःलाच पुन्हा हाक मारू शकते. संगणकाला जे जे मोजता येते ते तत्त्वतः या चौकोनात मावते.

आमच्या वहिनी गटाचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात. शेळ्यांसाठी घेतलेले कर्ज, फिटलेली मुद्दल, व्याज, उशिराचा दंड, सारे वेगवेगळ्या रकान्यांत. बैठकीत त्या एकेक रकाना वाचतात आणि बायका बोटांवर मोजून मान डोलावतात. पुण्याहून आलेल्या भाच्याने हा पसारा पाहिला आणि एका दुपारी सगळे एका सूत्रात गुंडाळून दिले. "मामी, आता नुसतं नाव आणि तारीख टाका." उत्तरे अचूक येत होती, हे सांगायलाच हवे.

त्याची बाजू लंगडी नव्हती. एकच सूत्र चाळीस ओळींत उतरवले आणि एका ओळीत बोट घसरले, तर ती चूक शोधणार कोण? त्यापेक्षा एकदाच लिहावे, त्याला 'व्याज' असे साधे नाव द्यावे आणि सगळीकडे वापरावे. नाव वाचणे हे आकड्यांच्या जंजाळातून वाट काढण्यापेक्षा केव्हाही सोपे.

पण गटातल्या एका आजींनी विचारले, "दंड कुठं गेला?"

दंड सूत्राच्या पोटात गेला होता. आजवर तो वेगळा दिसे. कोणाच्या घरी आजारपण असले, पाऊस लांबला, की बैठक तो माफ करी. आता हप्ता उशिरा आला की सूत्रच दंड लावून मोकळे होई. अट घालण्याची सोय जुन्या सूत्रांतही होतीच; पण भाषा तोकडी, म्हणून असले निर्णय माणसे तिच्या बाहेर ठेवीत आणि आपसांत बोलून घेत. तोकडेपणाचा हा गुण तज्ज्ञांच्या वादात फारसा कोणी मोजत नाही.

म्हणून भाषेला कुलूपच लावावे काय? डोनाल्ड कनूथ यांनी पुस्तके छापण्यासाठी 'टेक' घडवली, लोकांच्या आग्रहाखातर तिच्यात प्रोग्रॅमिंगच्या सोयी घातल्या, आणि १९९० मध्ये जाहीर केले की यापुढे फक्त चुका दुरुस्त होतील. या निग्रहाचे मला कौतुक आहे, पण तो सर्वांना परवडणारा नाही. मला आपला सातबाराच बरा वाटतो. कागद एकाच कामाचा, तरी त्यात 'इतर हक्क' असा रकाना आहे. बँकेचा बोजा, कुळाचा हक्क, जे चौकटीत बसत नाही ते तिथे. जमीन घेणारा शहाणा माणूस आधी तोच रकाना वाचतो. नवी ताकद यावी तर अशी, ज्यांच्यासाठी कागद आहे त्यांना दिसेल अशा जागी.

भाच्याने दंड पुन्हा वेगळ्या रकान्यात काढला. 'व्याज' तेवढे ठेवले. मूळ सूत्र फार सुंदर होते, असे तो हळहळून म्हणाला, आणि ते होतेही. आजींचे मात्र म्हणणे आहे की व्याजसुद्धा उघडे करून दाखवा.