वाचलेली माणसं

प्रकटीकरणाचा नववा अध्याय उघडा आणि थेट शेवटच्या दोन वचनांवर या. अजगर, श्वापदं आणि आकडे यांचा उलगडा आज करायचा नाही. ही दोन वचनं ओठांतल्या ओठांत वाचा, आणि मग पुस्तक मांडीवर तसंच उघडं राहू द्या.

आधी काय घडून गेलंय ते आठवा. सहावा कर्णा वाजला. फरात नदीपाशी बांधून ठेवलेले चार दूत सुटले, अफाट घोडदळ आलं, आणि आग, धूर, गंधक यांनी माणसांचा तिसरा हिस्सा मारला गेला. पात्म बेटावरच्या योहानाची नजर आता मेलेल्यांवर रेंगाळत नाही. ती जाते उरलेल्या दोन हिश्शांकडे, वाचलेल्यांकडे. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहिलंय. आता तरी ही माणसं गुडघे टेकतील, असं आपल्याला वाटतं. योहान सांगतो, त्यांनी पश्चात्ताप केला नाही. आपल्याच हातांनी घडवलेल्या सोन्यारुप्याच्या, पितळेच्या, दगडालाकडाच्या मूर्तींपुढे वाकणं त्यांनी सोडलं नाही. खून सोडले नाहीत. जादूटोणा, व्यभिचार, चोऱ्याही सोडल्या नाहीत.

इथे शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवायचा मोह होतो. बोट आवरा. यादी तिथे संपत नाही, ती संपते चोरीवर.

त्या चोरीपाशी जरा थांबा. तिसरा हिस्सा माणूस संपलाय, धूर अजून विरलेला नाही, आणि वाचलेल्यांपैकी कुणीतरी ओस पडलेल्या घरातून भांडी उचलतोय, मेलेल्या शेजाऱ्याचा बांध कोरतोय, धान्य मोजताना मापात मारतोय. योहानानं एवढा तपशील दिलेला नाही, पण चोरी म्हणजे एरवी तरी दुसरं काय असतं? मरणाच्या दारातून परत आलेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या नेहमीच्या कामाला लागतो.

याचं आपल्याला नवल वाटतं, कारण धाक दाखवला की माणूस सुधारतो यावर आपला मनातून भरवसा असतो. घरात, शाळेत आणि खरं सांगायचं तर मंडळीतल्या उपदेशातही आपण तेच हत्यार उपसतो. प्रकटीकरणाचा मात्र त्यावर भरवसा दिसत नाही. सोळाव्या अध्यायात क्रोधाच्या वाट्या ओतल्या जातात, सूर्यानं माणसं करपतात, अंधारात वेदनेनं स्वतःच्या जिभा चावतात, आणि देवाला शिव्याशाप देतात. हे कुणाकडून येतंय ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. माहिती कमी पडली म्हणून ती वळली नाहीत, असं मुळीच नाही. मिसरच्या फारोचं तरी वेगळं काय झालं? गारा कोसळत होत्या तोवर त्यानं पाप कबूल केलं, आणि गारा थांबल्या तसा शब्द फिरवला.

आता पानं मागे उलटा. दुसरा अध्याय, थुवतीरा येथील मंडळीला लिहिलेलं पत्र. पश्चात्ताप करायचा नाही म्हणजे नाही, ही या पुस्तकातली पहिली नोंद इथे आहे. ती बाहेरच्या जगाबद्दल नाही. मंडळीत बसून शिकवणाऱ्या, स्वतःला संदेष्ट्री म्हणवणाऱ्या एका बाईबद्दल आहे. पत्रात तिला ईजबेल म्हटलंय. प्रभूनं तिला मुदत दिली होती, आणि तिला वळायचं नव्हतं. सात मंडळ्यांपैकी पाच मंडळ्यांना पश्चात्ताप करा असं बजावलंय. फक्त स्मुर्णा आणि फिलदेल्फिया सुटल्या. कर्णे वाजण्याच्या पुष्कळ आधी ही पत्रं विश्वासणाऱ्यांच्या हाती पडलेली आहेत. अंतकाळाबद्दल आपण तावातावानं बोलतो तेव्हा ही पानं बहुधा घाईनं उलटतो.

त्या पाचांतली शेवटची लावदिकीया. लोकरीचा आणि पैशांच्या उलाढालीचा धंदा असलेलं सुखवस्तू शहर. इ. स. 60 च्या सुमारास भूकंपानं ते पडलं, आणि रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर पुन्हा उभं राहिलं, अशी नोंद रोमन इतिहासकार टॅसिटसनं केली आहे. कौतुक वाटावं अशीच गोष्ट. पण पुढे तिथल्या मंडळीच्या तोंडी प्रभूला काय ऐकू आलं? मी धनवान आहे, मला कशाचीही गरज नाही. भूकंपात भिंती पडल्या, हे बोलणं पडलं नाही. आणि प्रभू दाराबाहेर उभा राहून ठोठावत होता. तेही मंडळीच्याच दाराबाहेर.

इथे डोळे मिटा. तुमच्या आयुष्यातला एखादा भूकंप आठवा. मोठं दुखणं असेल, नोकरी गेली असेल, करोनाच्या लाटेत प्राणवायूच्या सिलिंडरसाठी घालवलेली रात्र असेल. त्या वेळी देवाला काय शब्द दिला होतात? भावाशी जमिनीवरून चाललेला वाद मिटवीन, असं काही? मग घरचं माणूस बरं होऊन आलं. वाद मिटला का? उत्तर लगेच देऊ नका. आपली बाजू मांडणारी वाक्यं आधी येतील. ती येऊन जाऊ द्या, त्यांच्या मागे काय उरतं ते पाहा.

मग माणूस वळतो तरी कशानं? अकराव्या अध्यायात दोन साक्षीदार आहेत. ते गोणपाट नेसून बोलतात, श्वापद त्यांना मारतं, त्यांची प्रेतं रस्त्यावर पडून राहतात आणि लोक आनंदानं एकमेकांना भेटी पाठवतात. साडेतीन दिवसांनी देव त्यांना उठवतो. त्याच घटकेस भूकंप होतो, शहराचा दहावा हिस्सा पडतो, सात हजार माणसं मरतात, आणि बाकीची भयभीत होऊन स्वर्गीय देवाचं गौरव करतात. नवव्या अध्यायात ज्यांनी मान वाकवली नाही, तशाच ‘बाकीच्यां’बद्दल हे लिहिलंय. भूकंप इथेही आहे, भीतीही आहे. पण इथे त्या आधी कुणीतरी साक्ष पुरी होईपर्यंत बोलत राहिलं होतं, आणि त्यापायी मारलं गेलं होतं. एलीयाच्या काळी सात हजार वाचले होते. इथे सात हजार जातात आणि नऊ हिस्से शहर वाचतं. माझ्या मते या पुस्तकातला सर्वांत आशेचा हिशेब हाच, आणि आपण तो क्वचितच मांडतो.

आपल्याकडचा एक दाखला आठवतो. पंडिता रमाबाईंनी 1896-97 आणि 1900 च्या दुष्काळांत उपाशी मुली आणि बायका शेकड्यांनी आणून त्यांना आसरा दिला. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पश्चात्तापाची लाट उसळली ती मात्र जून 1905 मध्ये. मुली रडत रडत आपली पापं कबूल करू लागल्या. तोवर त्यांना अन्न मिळालं होतं, छप्पर मिळालं होतं, अक्षरओळख झाली होती, आणि त्या वर्षाच्या सुरुवातीपासून त्यांच्यासाठी नेमानं प्रार्थना चालली होती. दुष्काळानं जे झालं नव्हतं, ते या सगळ्यानंतर झालं.

यामुळे न्याय लटका ठरत नाही. थुवतीरातल्या बाईला दिलेली मुदत ही मुदतच होती, आणि मुदत संपते. प्रभू ठोठावतो, दार फोडत नाही. आतल्या माणसाला ते कायम बंद ठेवता येतं, यापेक्षा भयंकर वाक्य मला प्रकटीकरणात सापडत नाही.

जक्कयाला येशूनं धाक घातला नव्हता. तो त्याच्या घरी उतरला, आणि मग जक्कयानं उभं राहून चौपट परत देण्याची भाषा केली. तेव्हा आता पुस्तक मिटा आणि एक कागद घ्या. जगाची पापं त्यावर लिहू नका. ज्याचं तुम्ही काहीतरी घेतलंय, पैसा, जमीन, श्रेय किंवा चांगलं नाव, अशा एकाच माणसाचं नाव लिहा, आणि उद्या सकाळी त्याला फोन करा.