जामीनदार

आमच्या शिरूर-दौंडकडे पतसंस्थेचं कर्ज काढताना खरी अडचण व्याजाची नसते, जामीनदाराची असते. सख्खा चुलतभाऊसुद्धा "बघू" म्हणतो आणि नंतर फोन उचलत नाही. त्याला वाईट तरी कसं म्हणणार? हप्ते थकले तर नोटीस त्याच्याही दारात येणार असते. जामीन राहणं म्हणजे दुसऱ्याचं संकट आपल्या नावावर लिहून घेणं.

होलोकॉस्टमधून ज्यूंना वाचवणाऱ्यांबद्दल वाचताना मला हा शब्द सारखा आठवतो. अशा गोष्टींत आपल्याला पोटमाळ्यावर माणसं लपवणारे शूर लोक दिसतात. ते होतेच. पण 1938 मध्ये जर्मनी-ऑस्ट्रियातल्या ज्यूंना आधी हवा होता तो बाहेर पडण्यासाठी व्हिसा. त्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियाँ गावी 32 देशांचे प्रतिनिधी जमले. सहानुभूती भरपूर दाखवली गेली, दार मात्र जवळपास कुणीच उघडलं नाही.

भारतातल्या ब्रिटिश सरकारचं म्हणणं होतं, येणारा माणूस सरकारवर भार होणार नाही याची हमी द्या. मुंबईत 1934 मध्ये सुरू झालेल्या ज्युइश रिलीफ असोसिएशनने अनेकांसाठी अशी हमी घेतली. लुधियानाचे कारखानदार कुंदनलाल गुप्ता 1938 मध्ये उपचारासाठी व्हिएन्नात होते. तिथे ओळख झालेल्या काही ज्यू कुटुंबांना त्यांनी भारतात नोकरी देऊ केली आणि त्या आधारावर त्यांना व्हिसा मिळाले. ही माणसं ना त्यांच्या जातीची, ना धर्माची, ना भाषेची.

कुणी म्हणेल, सहीच तर केली, त्यात धाडस कसलं? मला वाटतं, धाडस तिथेच आहे. बंदूक समोर असली की निदान कळतं, ही कसोटीची वेळ आहे. सहीच्या वेळी तसं काही कळत नाही. कुंदनलाल गप्प घरी परतले असते, तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. न केलेल्या सहीचा जाब कुणीच विचारत नाही.

आणि सहीने सगळं सुटतं असंही नाही. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं आणि हिटलरपासून पळालेले ज्यूसुद्धा, जर्मन नागरिक म्हणून, इंग्रजांच्या कागदावर 'शत्रू' ठरले. कुंदनलाल यांनी आणलेल्यांपैकी काहींना छावणीत राहावं लागलं, तेही आपल्या दौंडच्या शेजारच्या तालुक्यात, पुरंदरला. 1665 च्या तहासाठी आणि संभाजीराजांच्या जन्मासाठी आपण ओळखतो, तोच हा पुरंदर. सुटका अर्धीमुर्धीच झाली. पण छावणीतला माणूस निदान जिवंत होता.

आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत बिहारमधून, मराठवाड्यातून पोरं येतात. खोली मागायला गेलं की पहिला प्रश्न, "इथं ओळखीचं कोण आहे?" ही तुलना नाही, इथे कुणाच्या जिवावर बेतलेलं नसतं. पण परक्या माणसासाठी "मी आहे ना" म्हणायची सवय अशा लहान वेळीच लागते. जिवावर बेतलेल्या दिवशी ती नव्याने शिकता येईल, असं मला वाटत नाही.