नाथसागरावरचे ऊन

जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा गंगापूर तालुक्यात शिरतो तिथे पाणी पसरट आणि उथळ होते. हिवाळ्यात ते हटू लागले की उघड्या पडलेल्या जमिनीवर गाळपेरा होतो आणि काठच्या चिखलपाण्यात रोहित, चक्रवाक, थापटे चरतात. धरण 1976 मध्ये झाले ते शेतीसाठी. पक्षी कोणाच्या हिशेबात नव्हते. तरी 1986 मध्ये हाच जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. माणसाने स्वतःसाठी अडवलेल्या पाण्यावर इतर जिवांचाही हक्क असतो, हे आपण इथे फार लवकर मान्य केले.

ऊर्जेचा विचार मात्र वेगळ्या वाटेने गेला. कोळशाचा धूर समोर असल्यामुळे धूर नाही ती वीज निर्दोष, असे गृहीत धरले गेले. 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेतून पवन आणि सौर प्रकल्प बाहेर राहिले. त्या वेळी प्रकल्प लहान होते, म्हणून ते समजण्यासारखे होते. पण साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावर पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी जवळपास चौपटीने कमी आणि त्यांचे भक्ष्य असलेले सरडे जास्त, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2018 मध्ये दाखवून दिले. सरड्यांचे वागणेही बदलले होते. धूर न काढताही एखादे यंत्र पठारावरची सारी नाती हलवू शकते, हे महाराष्ट्राच्याच मातीत सिद्ध झाले.

नाथसागराभोवतीचे पर्यावरण-संवेदनशील क्षेत्र 2017 मध्ये अधिसूचित झाले. पुढे टीएचडीसी या सरकारी वीज कंपनीने जलाशयावर तरंगत्या सौर प्रकल्पासाठी निविदा काढली. मासेमारी करणाऱ्या कहार समाजाच्या पंच कमिटीने तिला आव्हान दिले. राष्ट्रीय हरित लवादाने 2024 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये ते फेटाळले. अशा प्रकल्पांनाही विरोध केला तर देश पुढे कसा जाणार, असा न्यायालयाचा सूर होता.

मला त्या प्रश्नामागची तळमळ पटते. तापमानवाढ पक्ष्यांनाही सोडणार नाही, आणि पॅनेलांनी झाकलेल्या पाण्याचे बाष्पीभवन कमी होते, याचे मोल मराठवाड्याला कोणी शिकवायला नको. पण वीज किती मिळेल हे मोजताना प्रकल्प नेमका कुठे उभा राहणार, हे विचारणे म्हणजे विरोध नव्हे. रोहिताला खोल पाणी उपयोगाचे नाही; त्याला उथळ काठच हवा. मासेमारी करणाऱ्यालाही जाळे टाकायला मोकळे पाणी लागते.

जायकवाडीचा डावा कालवा 208 किलोमीटरचा, उजवा 132 किलोमीटरचा. गुजरातने नर्मदेच्या शाखा कालव्यावर 2012 मध्येच सौर पॅनेल बसवून दाखवले. म्हणून पॅनेलसाठी पहिला विचार जायकवाडीच्या कालव्यांचा व्हावा. जलाशयावर जायचेच असेल, तर आधी दोन-तीन हिवाळे पक्ष्यांची आणि मासेमारीच्या जागांची नोंद करावी, पॅनेल धरणाच्या भिंतीकडच्या खोल पाण्यात ठेवावीत आणि गंगापूरकडचा उथळ फुगवटा आराखड्यातून वगळावा.