साखरेच्या भांड्यातील सोमल

मी म्हणालो, “घरातल्या गुपितांवर बेतलेल्या ज्या रहस्यकादंबरीत एकही माणूस धड नाही ती वाचायची कशाला, असे वाचक वारंवार विचारतात, परंतु दुर्जनांचा सहवास वाङ्मयात वर्ज्य मानायचा, तर व्यासांनाही कौरवसभा गाळावी लागली असती.”

“सर्वांत दुबळा आक्षेप तुम्ही बरा निवडलात,” शिरस्तेदार म्हणाले. उभी हयात जिल्हा न्यायालयात गेल्यामुळे भाऊबंदकीचे कागद त्यांनी पोटभर वाचले आहेत, आणि ‘घरचे झाले थोडे, व्याह्याने धाडले घोडे’ एवढ्यावर ते एरवी या वाङ्मयाची वासलात लावतात. “माझी हरकत निराळी. अशा घरात पोर सोसते आणि वडीलधारी माणसे दार लोटून घेतात, हे लपविणे मूळ गुन्ह्याहून हीन. तुमचा रहस्यकार तेच करतो! त्याला पहिल्या पानापासून सारे ठाऊक असते. पण तुम्हाला धक्का बसावा म्हणून पोराची जबानी तो शेवटच्या प्रकरणापर्यंत दाबून ठेवतो. आमच्या कारकुनाने असे केले असते तर तो बडतर्फ झाला असता.”

हे मला अनपेक्षित होते. “पण शर्ली जॅक्सनची १९६२ सालची ‘वुई हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल’ घ्या,” मी म्हणालो. “जेवणानंतरच्या फळांवर पेरलेल्या साखरेत सोमल होता, चार माणसे दगावली, आणि साखर न खाणाऱ्या थोरल्या बहिणीवर खटला होऊन ती निर्दोष सुटली. पोलीस येण्यापूर्वी तिने साखरेचे भांडे घासून ठेवले होते. का, तर म्हणे त्यात कोळी होता! ती कोणाला पाठीशी घालते हे सावध वाचक तेथेच ओळखतो, आणि कथा सांगणाऱ्या धाकटीने पुढे कबुली दिली तरी दचकत नाही, कारण तोवर तोही तिच्या बाजूला जाऊन बसलेला असतो.”

“म्हणजे चार खुनांत तुम्ही सामील, आणि वर रसिक! त्याच पुस्तकात चहाला आलेली बाई आठवा. त्या विषातून वाचलेल्या आजारी काकांना ती खोदून खोदून विचारते, आणि सोबतीण निघू या म्हणत असताना तिचा पाय निघत नाही.”

“लेखिकेने तिला हास्यास्पद केले आहे.”

“केले आहे ना? म्हणून तर तिला हसता हसता तिचेच सगळे प्रश्न तुम्ही फुकट विचारून घेतलेत.”

यावर मला उत्तर सुचले नाही, तेव्हा मी व्ही. सी. अँड्र्यूजच्या १९७९ सालच्या ‘फ्लॉवर्स इन द अ‍ॅटिक’कडे वळलो, तेथेही साखर, तेथेही सोमल, आणि माळ्यावर कोंडलेली चार भावंडे. “आपल्या घरात जे बोलता आले नाही ते अशा पुस्तकात सापडले, असे वाटणारा एखादा तरी वाचक असेलच,” मी म्हणालो.

“असेल. पण त्याला धक्क्याची गरज काय? त्याला तर आधीच ठाऊक असते.”

“मग शेवट ठाऊक असणाऱ्यानेच, म्हणजे दुसऱ्यांदा वाचणाऱ्यानेच, ही पुस्तके वाचावीत, असे का?”

“तसेच काहीसे,” शिरस्तेदार म्हणाले, “मात्र पहिल्यांदा वाचल्यावाचून दुसऱ्यांदा कसे वाचणार, हे मला विचारू नका.”