राखणदाराचा वाटा

तिसऱ्या महिन्यात पिल्लांतले नर-मादी ओळखू येतात. नराचा तुरा आधी लाल होतो, शेपटीच्या बुडाशी टोकदार, चकचकीत पिसं लोंबतात. तलंगीची तिथली पिसं गोलसर. सासूबाई लगेच नर हेरतात, "ह्यो राखणीक." म्हणजे राखणदार देवाला बळी द्यायला. तलंगीला शिंपल्यांचा चुरा, आणि थंडीत 14 तास उजेड मिळावा म्हणून पहाटे बल्ब. अंडी घालायला तिला कोंबडा लागतही नाही. पिल्लं हवीत तरच लागतो. म्हणजे राखणदाराला आपण नकोसाच जीव देतो! दूध आटलेल्या गाई दान करणारा बाप पाहून कठोपनिषदातला नचिकेत अस्वस्थ झाला, तो याचसाठी. सासूबाई म्हणतात, "अंड्यार इलेली तलंग देव मागणा नाय." निवडणारे आपण, आणि नाव देवाचं? यंदा मी नारळच ठेवणार. भांडण ठरलेलं आहे.